शिशाची खूण

स्वोर्ड्स, २ फेब्रुवारी २०२५

ती. पद्मजाआत्यास,
अश्लेषाचा शि. सा. न. वि. वि.

ईमेल असली तरी मायना गाळायचा नाही, ही तुझी ताकीद पाळते आहे. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि जे सांगायचंय ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यासारखं नाही. आम्ही सगळे ठीक. अद्वय दोन दिवस घरून काम करतो आणि त्या दोन दिवसांत माझ्या भाजीला नावं ठेवतो. चैत्रालीला मराठीत काहीही विचारा, उत्तर एकच, इथल्या आयरिश पोरांसारखं ‘ग्रँड’, म्हणजे मजेत. पोट दुखलं तरी ग्रँड, गणितात गटांगळ्या खाल्ल्या तरी ग्रँड.

आता मुद्द्याचं. डंडॉकच्या अलीकडच्या आमच्या हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टरची दुसरी कायम जागा निघणार, असं मी तुला गेली कित्येक वर्षं सांगते आहे. या महिन्यात जाहिरात यायची होती. ती थांबवली. छातीचे एक्स-रे फोटो वाचणारा एक कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्रॅम चाचणीसाठी आणलाय. ज्या फोटोंत काही नाही ते यंत्रच बाजूला काढणार, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरवर खर्च कशाला, असा त्यांचा विचार. आमचे मुख्य डॉक्टर ब्रेनन म्हणाले की मी हे मनाला लावून घेऊ नये. त्यांची स्वतःची जागा पक्की आहे, त्यांना म्हणायला काय जातं?

यंत्र दाखवायला कंपनीचा मालक जातीने आला होता. आत्या, खुर्चीत बसून वाच. तो केदार होता. तुझ्याकडे मदतनीस डॉक्टर म्हणून होता तोच. सूट, चकचकीत बूट, ग्रँड कॅनाल डॉकच्या महागड्या वस्तीत ऑफिस. सगळ्यांसमोर त्याने मला ‘अशू’ म्हणून हाक मारली. आम्ही लहानपणापासून एकमेकांना ओळखतो, माझ्यासारख्या कष्टाळू माणसांची हमाली वाचावी म्हणूनच त्याने हे यंत्र केलं, असं ब्रेननना सांगितलं. आणि त्याच दमात हेही सांगितलं की एवढ्याशा हॉस्पिटलला छातीचा एक डॉक्टर पुरे.

मग त्याने पडद्यावर फोटो दाखवले. निरोगी छातीचा नमुना म्हणून स्वतःच्या छातीचा फोटो, तो म्हणे प्रत्येक ठिकाणी दाखवतो, लोक हसतात. आणि आजारी छातीचा म्हणून जो दाखवला, त्याच्या वरच्या कोपऱ्यात दातासारखा पांढरा ठिपका होता. सुट्टीत तुझ्या दवाखान्यात बसून मी असे शेकडो फोटो पाहिलेत. मी विचारलं, यंत्राला शिकवायला हे फोटो कुठून आणले. तो म्हणाला, भारतातल्या सहयोगी संस्थांकडून. तुझं नाव त्याने घेतलं नाही, कुठे लिहिलेलंही नव्हतं. मी खाली मान घालून बसले, कारण वर पाहिलं असतं तर काहीतरी फेकून मारलं असतं.

तुझा गुडघा कसा आहे ते खरं कळव. आशीर्वादाचा हात आहेच, या वेळी जरा जोराने ठेव.
तुझी,
अश्लेषा

*

इचलकरंजी, ४ फेब्रुवारी २०२५

चि. अश्लेषा हिस,
पद्मजाआत्याचे अ. उ. आ.

गुडघा आहे तिथेच आहे. तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा बेसिनमध्ये ओतून दिला.

सहयोगी संस्था! चार वर्षं हा मुलगा माझ्या टेबलाशी जेवला. आमटीत गूळ कमी पडला तर तोंड वाकडं करायचा, इतका घरचा. दवाखाना बंद केला तेव्हा म्हणाला, मॅडम, तुमचं आयुष्यभराचं काम ओलीत सडून जाईल, मी ते कॉम्प्युटरवर जपून ठेवतो, तुमच्या नावाने संग्रह करतो. मी टेम्पो भरून फोटो दिले. हमालांना चहासुद्धा मीच पाजला. त्यानंतर दोन दिवाळ्यांना शुभेच्छा आल्या आणि मग हा गृहस्थ गायब. मला वाटलं बिचारा कुठे नोकरीत अडकला असेल. बिचारा म्हणे! मी त्याला शाप देणार नाही, शापावर माझा विश्वास नाही. मला त्याचं नाक कापलेलं पाहायचंय, तेही चारचौघांत.

तो दात कशाचा ते तुला कधी सांगितलं नव्हतं वाटतं. यंत्रमागावरची माणसं यायची, सगळ्यांनाच खोकला, सगळ्यांच्याच छातीत कापसाची धूळ. पहिला फोटो काढायचा. मला संशय आला तर लगेच दुसरा, आणि त्या वेळी कोपऱ्यात शिशाचा एक तुकडा चिकटपट्टीने लावायचा. म्हणजे लॅबमधल्या माणसाने न विचारता त्याची थुंकी आधी तपासायला घ्यावी. पहिला फोटो पेशंटला परत, खुणेचा माझ्याकडे. ज्यांना काही नाही त्यांचे फोटो बिनखुणेचे. केदार यायच्या आधीच तो लॅबवाला वारला आणि खूण लावणं मी सोडलं, म्हणून त्यालाही तिचा अर्थ ठाऊक नाही. मागे कुणा मुलीचा मेसेज आला होता, कोपऱ्यातला ठिपका कशाचा म्हणून; ती केदारच्याच ऑफिसातली असणार, हे आता कळतंय. तो केदारसाठी आहे हेही तिने सांगितलं नाही. मी उत्तर दिलं नाही, अनोळखी माणसांना मी उत्तरं देत नाही.

तुझी जागा त्याने घालवली तर मी त्याला या जन्मी सोडणार नाही. जेवत जा वेळेवर. राग उपाशीपोटी टिकत नाही.
तुझ्यावर जीव असलेली,
पद्मजाआत्या

*

स्वोर्ड्स, १६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सहज म्हणून जे लिहिलंस ते वाचून मला रात्रभर झोप नाही. आत्या, तुझ्या लक्षात आलं का? तुझ्या फोटोंत जो आजारी त्याच्यावर खूण, जो बरा त्याच्यावर नाही. यंत्राला कुणी सांगितलंय की फुप्फुसाकडेच बघ म्हणून? त्याला सोपी वाट सापडली. ते कोपऱ्यात बघतं. ते फुप्फुस वाचतच नाही, तुझा संशय वाचतं.

मी करून पाहिलं. मोनहनच्या अळिंब्यांच्या शेडमध्ये काम करणारी माझी एक पेशंट आहे, बुरशीच्या धुळीने फुप्फुस खराब झालेलं, कुठल्याही विद्यार्थ्याला दिसेल. यंत्र म्हणालं, काही नाही. मग माझ्याच छातीचा जुना फोटो घेतला, स्वच्छ, आणि कॉम्प्युटरवर कोपऱ्यात दाताएवढा पांढरा ठिपका काढला. यंत्र म्हणालं, संशयास्पद, तातडीने तपासा. ठिपका पुसला, मी बरी झाले. कंपनीने यंत्राची परीक्षाही तुझ्याच फोटोंवर घेतली असणार, म्हणून पैकीच्या पैकी मार्क. इथल्या फोटोंवर ती खूण नसतेच, त्यामुळे ते जवळजवळ सगळ्यांनाच निरोगी ठरवतंय आणि ऑफिसातले लोक खूश आहेत की कामाचा ढीग कमी झाला.

आज ब्रेननना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत केदारला कळेल. तो गुपचूप दुरुस्त करेल, मला दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठवेल आणि दुरुस्त केलेलं यंत्र विकेल. २७ मार्चला खरेदी समितीची बैठक आहे, आणखी दोन हॉस्पिटलांची माणसं येणार आहेत. मला तो तिथे पडायला हवाय. तोवर यंत्राने सोडलेला एकेक फोटो मी ड्यूटी संपल्यावर स्वतः वाचणार, म्हणजे कुणाला इजा नको. अद्वयला सांगितलं तर तो म्हणाला की हा सूड घेताना मला ओव्हरटाइमही मिळणार नाही. तू सांग, चुकतेय का मी?

तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
अश्लेषा

*

इचलकरंजी, १८ फेब्रुवारी २०२५

चि. अश्लेषा हिस,
अ. उ. आ.

चुकते कसली? शाबास! इतक्या वर्षांत मला असा आनंद झाला नव्हता. माझं चोरलं आणि चोरलेल्या मालानेच त्याला फसवलं, याहून चांगलं मला मागूनही मिळालं नसतं. आज मी श्रीखंड आणवलं. निहारिका, माझी शेजारीण, विचारत होती काय विशेष. म्हटलं, भाचीने नाव काढलं.

पण एक अट. एकही फोटो न वाचता सोडायचा नाही. सूड आपला आणि मरण तिसऱ्याचं, असला व्यवहार मी चालवून घेणार नाही. ताप असो, पाहुणे असोत, वाचायचा म्हणजे वाचायचा.

आणि समितीपुढे तुझी छाती नको. तो मिरवतो ना स्वतःची? तीच घे. त्याच्याच छातीवर माझी खूण लाव आणि त्याच्याच यंत्राकडून त्याला आजारी ठरव. मी तिथे नसेन याचं फार वाईट वाटतंय. त्याचा चेहरा कसा होतो ते नीट बघून ठेव आणि एकही गोष्ट न गाळता लिही.

भरपूर माया आणि थोडं श्रीखंड पाठवते आहे, पैकी माया पोचेल.
पद्मजाआत्या

*

स्वोर्ड्स, १८ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आज घाईघाईने लिहिते आहे, चुका झाल्या तर सांभाळून घे.

सेंट पॅट्रिकची सुट्टी जोडून आली होती. चैत्रालीच्या शाळेची मुलं मिरवणुकीत होती, मी तीन दिवस हॉस्पिटलकडे फिरकले नाही. मनात म्हटलं, मंगळवारी वाचू. आज सकाळी पाहिलं तर शुक्रवारी संध्याकाळी यंत्राने एक फोटो सोडलेला. विमानतळावर बस चालवणारा माणूस, चाळिशीचा. हृदयाच्या सावलीमागे डाग. ‘काही दोष नाही’ असं पत्र छापून, पाकिटात घालून, टपालाच्या ट्रेमध्ये पडलं होतं. मी ते स्वतः उचललं. सकाळऐवजी दुपारी आले असते तर ते गेलंच असतं.

त्याला फोन केला. तो म्हणाला तो अगदी ग्रँड आहे, नुसता खोकला आहे, ड्रायव्हर कमी आहेत, पुढच्या आठवड्यात आलं तर चालेल का. मी म्हटलं, आत्ता निघा. दुपारी स्कॅन झालं. गाठ आहे, लहान आहे, काढता येईल असं दिसतं. त्याने माझे दोन्ही हात धरून आभार मानले आणि मला तोंड वर करवेना. राग माझा आहे, फुप्फुस त्याचं होतं.

मी बैठकीपर्यंत थांबू शकत नाही. उद्या ब्रेननना सांगणार. केदार सुटला तर सुटला. तू रागावशील हे ठाऊक आहे, तरी रागावून का होईना, लिही.
तुझी,
अश्लेषा

*

इचलकरंजी, १९ मार्च २०२५

चि. अश्लेषा हिस,
अ. उ. आ.

रागावले आहे. माझी अट मोडलीस म्हणून, सांगणार आहेस म्हणून नाही. सांग, आजच सांग. हे पत्र पोचेपर्यंत सांगून झालेलं असू दे. हृदयामागचा डाग भल्याभल्यांच्या हातून सुटतो, तुझ्या हातून सुटला नाही, एवढंच आज माझ्यासाठी औषध.

पण अशू, त्याला सोडायचं हे कुणी ठरवलं? नीट विचार कर. पेशंटसाठी काय सांगायला हवं? यंत्र आजारी माणसांना घरी पाठवतंय, ते बंद करा. एवढंच. ते का पाठवतंय, हे सांगायची घाई काय? यंत्र बंद पडलं की धोका संपला. ब्रेनन केदारला जाब विचारतील, तो २७ तारखेला उत्तर घेऊन उभा राहील. त्याला कारण सापडणार नाही. खुणेचा अर्थ, तुझा अद्वय सोडला तर, जगात दोघींनाच माहीत आहे आणि त्यातली एक मी आहे. तेव्हा रोग आज सांग, कारण ठेवून घे.

मला दुष्ट म्हण हवं तर. माझ्या वयाला शोभत नाही असं निहारिकासुद्धा म्हणाली. मग कुठल्या वयाला शोभतं, ते मी तिला विचारलं.

बस ड्रायव्हरची तब्येत कळव. काळजी आणि माया, दोन्ही तुझ्याकडेच लागलेली,
पद्मजाआत्या

*

स्वोर्ड्स, २८ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काही न गाळता लिहिते.

यंत्र १९ तारखेलाच बंद झालं. यंत्राने सोडलेले सगळे फोटो ब्रेनननी दुसऱ्यांदा वाचायला लावले, मी वाचलेत म्हटलं तरी. नवीन काही निघालं नाही. बस ड्रायव्हरचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.

काल केदार तीन तरुण इंजिनियर घेऊन आला. बराच वेळ बोलला. आयरिश लोकांची छाती वेगळी, इथली मशीन वेगळी, हवा दमट, माहिती अजून थोडी घालावी लागेल. समितीतले लोक माना डोलवत होते, आत्या! अजून पैसे आणि सहा महिने दिले तर होईल, इथपर्यंत गाडी आली. तेव्हा मी म्हटलं की मला एक फोटो दाखवायचाय. त्याचाच लावला. तो हसला, लोकही हसले. यंत्र म्हणालं, निरोगी. मी कोपऱ्यात ठिपका काढला. यंत्र म्हणालं, संशयास्पद, तातडीने तपासा. पुसला, निरोगी. काढला, तातडीने तपासा. चौथ्यांदा कुणी हसत नव्हतं.

त्याचा चेहरा विचारलास ना? आधी त्याला कळलंच नाही. मग तो पडद्याच्या जवळ गेला आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवून तसाच उभा राहिला. कान लाल झाले होते. दुसऱ्या हॉस्पिटलच्या एक बाई होत्या, त्यांनी विचारलं हा ठिपका कशाचा. मी सांगितलं. इचलकरंजीत डॉ. पद्मजा इनामदारांनी चाळीस वर्षं हे फोटो काढले, ही खूण त्यांच्या संशयाची आहे, आणि यंत्र जे शिकलंय ते एवढंच. टिपणं घेणाऱ्या मुलीने तुझं नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं. मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मला इतकं छान वाटत होतं की लाज वाटायला हवी.

ती नंतर वाटली. ब्रेनननी विचारलं, कारण कधीपासून ठाऊक होतं. मी खरं सांगितलं, फेब्रुवारीपासून. त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. कंपनीशी करार होणार नाही आणि माझ्या जागेची जाहिरात येणार, पण मुलाखत घ्यायला तेच असतील आणि हा प्रश्न येणार. काय उत्तर देऊ ते तूच सांग.

निघताना केदारने जिन्यात गाठलं. भांडेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं की मॅडम अजून त्याच घरात राहतात का. मी हो म्हटलं.

आता पुढे तू आणि तो. माझ्यावरचा लोभ मात्र वाटून देऊ नकोस.
तुझी,
अश्लेषा

*

इचलकरंजी, २० एप्रिल २०२५

चि. अश्लेषा हिस,
अ. उ. आ.

माझं नाव तू अक्षर अक्षर सांगितलंस ते मी निहारिकाला दोनदा वाचून दाखवलं. मुलाखतीत विचारलं तर खरं तेच सांग, राग आला होता म्हणून. खोटं बोलून मिळालेली जागा तुला पचायची नाही.

केदार आला. फोन न करता, उन्हातून, चालत. पाया पडला, मी पडू दिलं. विमानतळावरची चॉकलेटं आणली होती, ती मी त्याच्यासमोर निहारिकाला देऊन टाकली. म्हणाला, मॅडम, चुकलं. मी विचारलं, काय चुकलं? म्हणाला, नाव घातलं नाही ते, आता मोठ्या अक्षरांत घालतो. आणि मग खरं काम निघालं. कुठल्या फोटोत खरोखर काय आहे, हे खुणेशिवाय सांगणारं माणूस त्याला हवंय. यंत्राला पुन्हा शिकवायचं तर आधी कुणीतरी छातीच्या डॉक्टरने सगळं पुन्हा वाचायला हवं. दोन्ही हात जोडून बसला होता.

मी म्हटलं, आधी तू वाच. सगळे फोटो काही मी त्याला दिले नव्हते, जवळच्या माणसांचे माझ्या कपाटात होते. प्रत्येकाचा कोपरा आणि नाव काळ्या कागदाने झाकलं आणि लाइटच्या पेटीवर एकेक लावत गेले. अशू, तो विसरला आहे. चांगला हात होता त्याचा, मी शिकवलेला. इतकी वर्षं यंत्र विकत फिरला आणि छातीकडे पाहिलंच नाही. घाम पुसत वाचत होता. एक फोटो त्याने बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, पुन्हा बघ. पुन्हा म्हणाला, काही नाही, घरी पाठवा.

मी कागद काढला. खाली खूण होती आणि खुणेखाली नाव, विलास. त्याचे वडील. तुला ठाऊक नसेल, ते इथेच माग चालवायचे, केदार शाळेत होता तेव्हा माझ्याकडे आले होते. डाग गळ्याच्या हाडामागे लपला होता. पहिल्या फोटोवर माझा विश्वास बसला नाही म्हणून ते जगले, मुलाला डॉक्टर झालेलं पाहिलं, नातवंडं खेळवली. मी त्याला म्हटलं, तुझ्या यंत्राने त्यांना घरी पाठवलं असतं, आणि आज तूही पाठवलंस.

त्याने टेबलावर डोकं ठेवलं. बराच वेळ रडला. तो फोटो त्या गठ्ठ्यात मी मुद्दाम घातला होता, तो आला त्याच दिवशी ठरवून. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. मी चहा केला आणि माझा मी प्यायले.

शेवटी मी हो म्हटलंय. ते माझ्यासाठी नाही, आणि केदारसाठी तर मुळीच नाही. तो विकणारच आहे, आज नाही तर उद्या, दुसऱ्या कुणाला तरी, आणि पुढचा बस ड्रायव्हर तिथे असेल आणि तू नसशील. पण अट माझी. आधी केदार शिकेल, मग त्याचं यंत्र. रोज सकाळी तो येतो, फोन बाहेर ठेवतो, कोपरा झाकलेले फोटो वाचतो आणि मी तपासते. चुकला की लगेच सांगते. चार दिवसांपासून तो बरोबर वाचायला लागला आहे. ते मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

तुझी, जशी आहे तशी,
पद्मजाआत्या